दिव्याखाली आवाज!

आत्ता हे वाचताना जरा आजूबाजूला बघा. किती दिवे दिसताहेत? ट्यूबलाईट, बेडलॅम्प सोडा हो. बारीक दिवे मोजा. राउटरचे हिरवे, सेटटॉप बॉक्सचा लाल, लॅपटॉपचा पांढरा, एक्स्टेन्शन बोर्डाचा, इन्व्हर्टरचा, एसीचा... रात्री खोलीतला दिवा मालवला की वन बीएचकेचं छोटंसं विमानतळ होतं! माझ्या एका कलीगनं तर राउटरवर चक्क काळी चिकटपट्टी लावलीये. झोप येत नाही म्हणे. एवढे सगळे दिवे रात्रंदिवस आपल्याकडे बघत असतात. आपण त्यांच्याकडे कधी बघतो? नेट गेलं की. बस्स.

पण एक जमाना असा होता की असा एक बारीकसा दिवा बघून माणसं धंदा करायची. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही. घरात बघितलंय.

कर्णे, मंडप आणि लाल दिवा

माझ्या काकांचा साताऱ्यात लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा व्यवसाय होता. लग्न, मुंज, सत्यनारायण, गणपती, निवडणूक, नाटक, कीर्तन. ‘साऊंड इंजिनीअर’ वगैरे शब्द तेव्हा कुणी वापरत नसे. लोक म्हणायचे ‘स्पीकरवाले’. दोन कर्णे बांबूला बांधायचे, एक मांडवाच्या तोंडाशी, एक मागच्या अंगाला. वायरची भेंडोळी खांद्यावर. मग ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ झालं की कार्य सुरू झालं, असं समजायचं.

ॲम्प्लिफायर अर्थातच अहुजा. दिल्लीची ही कंपनी १९४० सालची. आपल्याकडच्या गावागावांत तिचं नाव इतकं रुळलं की ‘अहुजा’ म्हणजेच ॲम्प्लिफायर. ‘जरा अहुजाचा आवाज वाढवा की!’ असं लोक सरळ म्हणायचे. काकांकडचा सगळ्यात जुना अहुजा व्हॉल्व्हचा होता. लोखंडी डबा, उचलताना कंबर धरेल असा. समोर दोन-चार काळे नॉब आणि कोपऱ्यात लाल काचेचा बटणाएवढा दिवा. पायलट लॅम्प.

लहानपणी मला वाटायचं, चालू आहे की बंद हे कळायला तो दिवा असतो. काकांनी एकदा समजावून सांगितलं होतं. लग्न होतं, आम्ही पोरं मांडवात हुंदडत होतो. काका लांब जेवणाच्या पंगतीपाशी उभे. तिथूनच त्यांनी हाक मारली, “जनरेटरवाल्याला सांग, आवाज बसंल आता. बघ की दिवा कसा मलूल झालाय!” आणि खरंच, मिनिटभरात मंगलाष्टकं जड, घोगरी व्हायला लागली.

ह्यात जादू काही नाही. त्या डब्यातला बल्ब बहुतेक वेळा ६.३ व्होल्टचा असायचा, कारण व्हॉल्व्हच्या हीटरला तेवढेच व्होल्ट लागतात आणि त्याच वाइंडिंगवरून दिव्याचं काम भागायचं. बाहेरची लाईट कमी झाली की हीटर थंडावणार आणि दिवाही मंदावणार. शिवाय तारेच्या बल्बचा एक स्वभाव आहे. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं, तर उजेड १० टक्क्यांनी नाही, साधारण ३० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे जरा कुठं कमी पडलं की दिवा लगेच तोंड पाडून बसतो! लोडशेडिंग आणि भाड्याच्या जनरेटरच्या काळात काकांना वेगळा व्होल्टमीटर घ्यावा लागला नाही. तो लाल दिवाच त्यांचा व्होल्टमीटर होता.

थोडक्यात, आपल्या राउटरचा दिवा सांगतो ‘आहे’ किंवा ‘नाही’. काकांचा दिवा सांगायचा, ‘कसं आहे’. हा फरक मला कळायला बरीच वर्षं लागली. आणि तोही एक मशीन बंद पडल्यावर!

अंधारात एक मशीन

पुढं काळ बदलला. कर्ण्यांची जागा स्पीकरच्या भिंतींनी घेतली, मिक्सरवर डीजे आले, आणि काकांनी हळूहळू काम कमी केलं. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी दुकानाचा गाळा सोडायचं ठरलं. मी पुण्याहून वीकेंडला मदतीला गेले. मदत कसली, धूळ झटकायची आणि काकू म्हणेल ते भंगारवाल्याच्या ढिगात टाकायचं.

त्या ढिगाच्या वाटेवर एक स्पूल टेपरेकॉर्डर होता. घरगुती नव्हे, स्टुडिओतला. मुंबईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून काकांनी तो जुन्या बाजारभावानं उचलला होता. (मेक सांगत नाही. जाणकार मंडळी लगेच किंमत विचारायला लागतात.) वजन असं की दोघांनी धरायचं. समोर दोन व्हीयू मीटर, दोन्ही काळेठिक्कर. बटणं मेलेली दिसत होती.

“बंद आहे का?” मी विचारलं.

“चालू आहे गं. नुसते दिवे गेलेत.”

“मग चालतंय की!”

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी डोळे मिटून गाडी चालवायची परवानगी मागितली होती.

कारण दुसऱ्या खोक्यात अकरा स्पूल होते. गावातली नाटकं, दोन कीर्तनं, मंडळाचं लेझीम. आणि एका डबीवर पेन्सिलनं लिहिलं होतं, ‘आई – जात्यावर – १९७८’. माझी आजी. मी तिला बघितलेलीच नाही. तिचा एक फोटो आहे, आणि एक ही डबी.

मला वाटलं, सोपं आहे. मशीन लॅपटॉपला जोडा, प्ले दाबा, झाली एमपीथ्री. काकांनी एकेक मुद्दा बोटावर मोजला. एक, टेप जवळजवळ पन्नास वर्षांची आहे, ती किती वेळा वाजेल याचा भरवसा नाही. पहिल्याच फेरीत नीट उतरवायची. दोन, नीट उतरवायची तर लेव्हल बघावी लागते, आणि लेव्हल दाखवणाऱ्या मीटरमध्ये अंधार आहे. आणि तीन, जे मला कधीच सुचलं नसतं : ह्या मशीनमध्ये एक दिवा असा आहे जो कुणाला दिसतच नाही.

तो दिवा टेपच्या वाटेवर, एका कोपऱ्यात लपलेला असतो. समोर प्रकाश ओळखणारा एक बारीकसा पार्ट, फोटोट्रान्झिस्टर. मधून टेप जात असते, म्हणून प्रकाश अडतो. टेप संपली की प्रकाश पलीकडे पोचतो आणि मशीन स्वतःहून थांबतं. आता तो बल्बच गेला तर? मशीनला वाटतं, टेप अजून आहे. ते फिरतच राहतं. सुटलेलं टोक रिळाबरोबर गरगर फिरतं आणि दर फेरीला कशावर तरी आपटतं. फटाक, फटाक, फटाक. जुन्या टेपचं टोक असं आपटलं की तुकडे पडतात.

म्हणजे दिवा फक्त ‘दाखवायला’ नव्हताच. तो कामावर होता!

चला सांगलीला

साताऱ्यात हे मशीन उघडणारं कुणी राहिलं नव्हतं. काकांचा भरवसा एकाच माणसावर, सांगलीतल्या एका मिस्त्रींवर. मशीन आल्यापासून तेच बघायचे. मग काय, रविवारी सकाळी स्पूल मशीन गाडीच्या मागच्या सीटवर उशांत बसवलं, त्याला सीटबेल्ट लावला, मिस्त्रींसाठी पावशेर कंदी पेढे घेतले आणि कराडवरून सांगलीची वाट धरली.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे एका माणसाला वळायला जागा नाही एवढं. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक तपकिरी रेघ होती. मी बघतेय हे बघून ते म्हणाले, “पुराची हाय ती. पुसली न्हाई. राहू दे म्हटलं.”

ऑगस्ट २०१९चा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. मिस्त्रींचे रेडिओ, ट्रान्सफॉर्मर, सर्किटचे नकाशे असलेली जाड पुस्तकं, सगळं पाण्याखाली. पुस्तकांचा लगदा झाला. ट्रान्सफॉर्मर त्यांनी महिना-महिना उन्हात वाळवले, काही वाचले. आणि वाचली एक बिस्किटांची पत्र्याची पेटी. बल्बची. बल्बला पाण्याचं काय भय? काच ती काच! फक्त पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या.

त्यांनी पेटी उघडली आणि मला पहिल्यांदा कळलं की बल्बांचीसुद्धा भाऊबंदकी असते. आट्यांचे वेगळे, दोन खिळ्यांचे वेगळे, गव्हाच्या दाण्याएवढे वेगळे. आमच्या मशीनमधला निघाला ‘टेलिफोन बल्ब’. बारीक नळीसारखी काच, आटे नाहीत, दोन बाजूंना दोन पितळी पट्ट्या. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरच्या बोर्डावर जे शेकडो दिवे लुकलुकायचे, तेच हे. लाखांनी बनायचे, स्वस्त असायचे, टिकायचे. म्हणून स्टुडिओची मशीनं बनवणाऱ्यांनीही तेच उचलले. पुढं एक्स्चेंज डिजिटल झाली, ऑपरेटरचे बोर्ड गेले, आणि त्यांच्याबरोबर बल्बही गेले. म्हणजे साताऱ्यातल्या एका टेपरेकॉर्डरचा दिवा गेला, त्याचं एक कारण ट्रंक कॉल बंद झाले हेही आहे. आहे की नाही गंमत?

बल्ब काढायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. पक्कड नाहीच. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, दोन इंच कापलेली. ती बल्बच्या डोक्यावर चढवायची आणि हलकेच ओढायची. काच फुटत नाही, बोट आत जात नाही. नवा बसवायलाही तीच नळी. किंमत? सायकलच्या दुकानात जी असेल ती!

मग त्यांनी पेटीतले चोवीस व्होल्टचे बल्ब निवडले. पट्ट्या शाळेतल्या खोडरबरानं घासून लख्ख केल्या. एकेक मीटर लावून तपासला. बाराच्या वर बल्बांतून तार शाबूत असलेले निघाले फक्त दोन.

आम्हाला हवे होते तीन. दोन मीटर आणि एक तो लपलेला.

एलईडी की तारेचा?

इथं तुम्ही म्हणाल, अहो एलईडी लावा आणि विषय संपवा. मीही तेच म्हणाले. आता तर घरातले सगळेच दिवे एलईडी झालेत. सरकारची उजाला योजना २०१५ साली आली, त्याला दशक उलटलं. तारेचा बल्ब मागितला तर दुकानदार हसतो. एलईडी वीज कमी खातो, तापत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. मग अडचण कुठं आहे?

मिस्त्रींनी ‘नाही’ म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, “कुठं लावायचा, ते सांगा.”

ते माझं पाठांतर झालंय, म्हणून इथं सांगते. व्हीयू मीटरचं काम बघायचं, म्हणजे तिथं उजेड फक्त माणसाच्या डोळ्यासाठी. तिथं एलईडी चालेल. लपलेल्या दिव्याचं काम वेगळं. तिथं उजेड माणसासाठी नाही, फोटोट्रान्झिस्टरसाठी आहे. आणि त्याचा डोळा आपल्यासारखा नसतो. त्याला सगळ्यात जास्त दिसतं ते लाल रंगाच्याही पलीकडचं, आपल्याला न दिसणारं. तारेचा बल्ब तसला उजेड भरभरून देतो, कारण तो मुळात एक तापलेली तार आहे. पांढरा एलईडी तो जवळजवळ देतच नाही. म्हणजे आपल्याला लखलखीत दिसेल आणि मशीनला अंधार!

निर्णय झाला. दोन चांगल्या बल्बांपैकी एक लपलेल्या जागी. दुसरा त्याचाच राखीव. मीटरना एलईडी.

पण तिथंही मशीनमधले व्होल्ट आधी मोजले. बल्ब चोवीसचा, मीटरवर आले सव्वीस. बल्ब लवकर जायचं हे पहिलं कारण. तारेच्या बल्बचं गणित उलटंही चालतं. व्होल्टेज १० टक्के कमी दिलं, तर उजेड थोडा जातो, पण आयुष्य तिपटीच्या वर जातं! मिस्त्रींनी बल्बच्या वाटेत शंभर ओहमचा एक रेझिस्टर घातला. बल्ब बावीस व्होल्टच्या आसपास आला. दुसरं कारण, थंड तारेतून करंट मोकाट जातो. गरम तारेच्या मानानं थंड तारेचा विरोध दहाव्या हिश्श्याएवढाच असतो. म्हणून बल्ब नेहमी मशीन चालू करताना जातात, चालू असताना क्वचित. तो रेझिस्टर ह्या पहिल्या धक्क्यालाही थोडा आवरतो.

एलईडीला तर रेझिस्टर हवाच, नाहीतर तो क्षणात खलास. सव्वीसमधले तीन व्होल्ट एलईडी घेतो, उरलेले तेवीस रेझिस्टरनं सोसायचे. दोन पॉइंट दोन किलोओहमचा, अर्ध्या वॉटचा लावला की दहा मिलिअँपच्या आसपास करंट जातो. मीटरला तेवढा पुष्कळ.

मग त्यांनी मशीन चालू केलं. दोन्ही मीटर लागले. आणि काकांचा चेहरा पडला.

“हे काय दवाखान्यासारखं!”

खरंच तसं दिसत होतं. निळसर, पांढरं, थंड. कारण व्हीयू मीटरचा कागद पांढरा नसतो, सायीच्या रंगाचा असतो. ते कुणाच्या लहरीनं नाही. अमेरिकेत सीबीएस, एनबीसी आणि बेल लॅब्ज ह्या तिघांनी मिळून १९३९ साली हा मीटर ठरवला, तेव्हा कागदाचा रंगसुद्धा ठरवला. तासन्‌तास सुईकडे बघणाऱ्या माणसाचे डोळे दमू नयेत म्हणून. सुईचा वेगही ठरवून दिला. आवाज आल्यावर सुईनं सुमारे तीनशे मिलिसेकंदांत आपल्या जागी पोचायचं. ना धावत, ना रेंगाळत. माणसाचा कान जसा आवाजाचा अंदाज घेतो, साधारण तसंच. त्या सायीवर निळसर एलईडी पडला की सगळा बेत फिसकटतो.

मिस्त्री हसले. उठले, आणि एका वहीतून पिवळसर जिलेटीनचा कपटा काढला. नाटकाच्या लाईटवाल्याकडून आणलेला! शेवटी ही सांगली आहे. नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच ‘सीता स्वयंवर’ केलं. तेव्हा ना माईक होता ना स्पॉटलाईट. पण रंगमंचावर ऊन पाडायचं तर कुठला कागद लावायचा, हे ह्या गावाला आता वेगळं सांगावं लागत नाही. एलईडी बदलून उबदार रंगाचा लावला, त्यावर तो कपटा. आणि मीटर असे उजळले, जणू आत कुणी चहा उकळत ठेवलाय.

“आता आलं घरात कुणीतरी,” काका म्हणाले.

जगात एकटे नाही आपण

तुम्हाला वाटेल, एका फडतूस बल्बासाठी एवढं पुराण कशाला? पण बल्बनं ह्या क्षेत्रात फडतूस कामं केलेली नाहीत. एचपी माहितीये ना, तुमच्या ऑफिसात जिचा प्रिंटर अडकतो ती? तिचं पहिलं उत्पादन प्रिंटर नव्हतं. १९३९ सालचा एक ऑसिलेटर होता, आवाजाची यंत्रं तपासायला ठरावीक सूर काढून देणारा. सूर एकसारखा राहावा म्हणून विल्यम ह्यूलेटनं त्यात काय घातलं असेल? एक साधा बल्ब! सूर मोठा झाला की तार तापते, तिचा विरोध वाढतो, सूर आपोआप खाली येतो. लहान झाला की उलट. त्याच यंत्राच्या सुधारलेल्या मॉडेलचे आठ नग वॉल्ट डिस्नेच्या कंपनीनं ‘फँटेशिया’ ह्या १९४०च्या चित्रपटासाठी घेतले. दिवा दिसावा म्हणून नव्हे, तर त्यानं सांभाळून घ्यावं म्हणून.

म्हणूनच मिस्त्रींचा पहिला नियम : जुन्या मशीनमधला कुठलाही बल्ब बदलायच्या आधी विचारायचं, हा नुसता दाखवतोय की काही करतोय?

बाकीचे नियमही सांगून टाकते. कुणाच्या तरी माळ्यावर आजोबांचा ॲम्प्लिफायर असेलच. जुन्या बल्बवर कोरलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा, भिंग घेऊन वाचा. दोन्ही जुळले पाहिजेत, नुसते व्होल्ट नाही. व्हॉल्व्हच्या मशीनला प्लग काढला तरी लगेच हात घालू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दडून बसलेले असतात आणि ते मारू शकतात. ते काम जाणकारालाच द्या. ६.३ व्होल्टचा दिवा सहसा एसीवर असतो, तिथं एलईडी लावायचा तर रेझिस्टरबरोबर डायोडही लागतो. काहीही कापू नका, म्हणजे उद्या कुणाला मूळ बल्ब मिळाला तर परत बसवता येईल. आणि जुना गेलेला बल्ब फेकू नका. नमुना म्हणून लागतो. पुण्यात तपकीर गल्ली किंवा जुना बाजार, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुठंही तो तळहातावर ठेवून दाखवला की अर्धं बोलणं वाचतं.

बत्तीस मिनिटं

साताऱ्याला परतलो ते दिवे लागणीला. काकूनं चहा टाकला. काकांनी आधी एक कोरी टेप चढवली आणि टोकापर्यंत पळवली. टेप संपली. खट्. मशीन थांबलं. परत एकदा. खट्. मग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, “काका, पटलं आता.” ते म्हणाले, “तुला पटलं. मला पटू दे.”

मग ती डबी उघडली.

सात इंची स्पूल, बाराशे फूट टेप, सेकंदाला साडेसात इंच. हिशोब केला तर बत्तीस मिनिटं. लॅपटॉप जोडला. काकांनी चष्मा पुसला आणि मीटरसमोर स्टूल ओढून बसले. सुरुवातीला नुसती खरखर. मग जात्याची घरघर. सुई उणे दहाच्या आसपास उठली आणि तिथंच डुलायला लागली. जातं एक फेरा घेई, सुई एक हेलकावा घेई. दळणाऱ्या हाताचा वेग त्या सायीच्या कागदावर दिसत होता. बांगड्या वाजल्या की बारीक थरथर. आणि मग आजीचा आवाज आला, तेव्हा सुई सरळ शून्याला जाऊन टेकली.

काकांनी नॉब केसभर मागे घेतला. “आई मोठ्यानं गायची,” ते एवढंच म्हणाले.

जात्यावरच्या ओव्यांचं मोल ज्यांनी ओळखलं, त्यांत हेमा राईरकर आणि गी प्वात्वाँ ही दोन नावं मोठी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘परी’ ह्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायलाही मिळतात. जरूर ऐका. त्या लाखांत माझी आजी नाही. तिच्या बत्तीस मिनिटांना एकच मशीन होतं आणि त्या मशीनला एकच बल्ब.

पंचविसाव्या मिनिटाला तिनं गाणं थांबवलं. कुणाला तरी म्हणाली, “पाणी दे रे.” ‘रे’ म्हणजे काका. तेव्हा ऐन पंचविशीतले. त्यांनी पाणी दिलं असणार, कारण भांडं ठेवल्याचा आवाज आहे. मग जातं पुन्हा सुरू.

टेप संपली आणि खट् करून मशीन थांबलं. टोक कुठं आपटलं नाही. मीटर तसेच उजळलेले, सुया शांत झोपलेल्या. काका बराच वेळ उठले नाहीत. काकूनं दिलेला चहा निवून गेला.

‘आहे’ आणि ‘कसं आहे’

बाकीचे दहा स्पूल पुढच्या दोन महिन्यांत उतरवले. एक कीर्तन निम्मं गेलंय, टेपच सुटून येत होती. लेझीम मात्र झकास! फाइली आता पुण्यात, बेंगळुरूत आणि अमेरिकेतल्या चुलतभावाकडे अशा तीन ठिकाणी आहेत. मशीन भंगारात गेलं नाही. गाळा गेला, मशीन काकांच्या खोलीत आलं. राखीव बल्ब काकूनं हळदी-कुंकवाच्या जुन्या करंड्यात कापसात ठेवलाय. बाहेर चिठ्ठी : ‘हात लावू नये.’

आणि मला एक सवय लागलीये. ऑफिसात चॅटवर सगळ्यांच्या नावापुढं हिरवा ठिपका असतो ना, तो बघून आपण गृहीत धरतो की माणूस आहे. ऑनलाइन आहे, म्हणजे ठीक आहे. पण तो ठिपका राउटरच्या दिव्यासारखा. लागला किंवा गेला. आत व्होल्टेज किती उतरलंय ते तो सांगत नाही. मलूल होणं त्याला येतच नाही. समोरच्या टीममधली एक मुलगी राजीनामा देईपर्यंत तिचा ठिपका हिरवागार होता.

काका अजून दर रविवारी फोन करतात. मेसेज नाही, फोनच. “आहेस का?” असं ते कधीच विचारत नाहीत. “कशी आहेस?” विचारतात, आणि मग उत्तराकडे नाही, आवाजाकडे लक्ष देतात. “ठीक आहे काका,” असं मी म्हटलं, तरी कधी कधी लगेच विचारतात, “जेवलीस का गं नीट? आवाज बसलाय तुझा.”

पंगतीपाशी उभं राहून मांडवाच्या टोकाचा दिवा ओळखणारा माणूस तो. त्याला काय, सव्वाशे किलोमीटरवरूनही कळतं!